भैयाजी खुर्चीवर बसले, त्याची गोष्ट

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि अल्लीपूरची एक गल्ली डोळ्यांपुढे आणा. आज तान्हा पोळा आहे. पोरं लाकडी बैलांना झूल घालून, शिंगांना बेगड लावून, दोरीने ओढत निघाली आहेत. एका दारापुढे जमिनीवर पोतं अंथरून पांढऱ्या मिशांचे एक आजोबा बसले आहेत. दिसले? तेच भैयाजी.

भैयाजी सातपुड्यातल्या एका लहानशा संस्थानाचे वारस. ते तान्हे असताना काकाने गादी बळकावली. आई त्यांना पदराखाली घेऊन निघाली, ती या गल्लीत येऊन थांबली. गल्लीने त्यांना खोली दिली, गाईचं दूध दिलं, पुढे शेतात काम दिलं. जग सोडताना आईने त्यांच्याकडून शब्द घेतला, "गादी परत मिळेपर्यंत जमिनीवरून वर बसायचं नाही." भैयाजींनी तो जन्मभर पाळला. लग्नात खाली, ग्रामपंचायतीत खाली, आणि एसटीत चक्क उभे!

त्या दिवशी दारात मोठी गाडी थांबली. दोन पाहुणे उतरले. शेजारच्या सुमित्राबाईंनी लगबगीने त्यांना खुर्च्या दिल्या.

"हुकूम," राजाला हाक मारावी तसं त्यांतला मोठा म्हणाला, "काकांच्या घरात आता एक मुलगीच उरली आहे. लोक म्हणतात, खरा वारस आणा. दसऱ्याला आपण गादीवर बसायचं. आजच निघू."

आई आज हवी होती, असं भैयाजींना वाटलं.

तेवढ्यात सुमित्राबाईंची नात आचल बैल ओढत पुढे आली. "भैयाजी, तुमी गेल्यावर माह्या बैलाले बोजारा कोन देईन?" बोजारा म्हणजे बैलाच्या मानाचा खाऊ. दरवर्षी पहिला भैयाजींचाच.

"चूप वं पोरी! राजाले बोजारा मागते!" असं म्हणत सुमित्राबाई एक हात भिंतीला, एक गुडघ्याला लावून कण्हत खाली बसल्या.

"सुमित्राबाई, गुडघे दुखून राह्यले न तुमचे? मंग खुर्चीवर काऊन नाई बसत?" भैयाजींनी विचारलं.

"तुमी खाली अन् मी वर? सासूनं शिकवलं मले. तुमच्यापुढं या गल्लीतलं कोनी वर बसलं काय कधी?"

भैयाजींनी वळून पाहिलं. समोरच्या ओट्यावरचा हेमराज उतरून मातीत बसला होता. पलीकडचे नानाजीही. इथल्या लोकांना खालीच बसायला आवडतं, असं भैयाजी आजवर समजत आले होते. आईला दिलेला शब्द सारी गल्ली त्यांच्यासोबत पाळत होती, आणि कुणी कधी बोललं नव्हतं.

मग भैयाजी पाहुण्यांना म्हणाले, "त्या मुलीलाच गादीवर बसवा. ती तिथली माणसं ओळखते. माझी माणसं इथं आहेत."

"अन् मायले देलेला शब्द?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"मायले गादी नाई, मान पाह्यजे होता. तो तर तुमी मले पहिल्या दिवसापासूनच देऊन राह्यले. मलेच उशिरा दिसला. हेमराज, दोन खुर्च्या आन. एक मले, एक या गुडघ्यांले."

भैयाजी खुर्चीवर बसले, पण अगदी कडेला, अवघडून.

"सांभाळा, पडसान!" हेमराज ओरडला, आणि सगळी गल्ली हसली. सुमित्राबाई शेजारच्या खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी सुखाने पाय पसरले.

आचलने रिकाम्या पोत्याकडे पाहिलं. मग आपला लाकडी बैल उचलून तिने त्यावर नीट बसवला, त्याची झूल सारखी केली, आणि भैयाजींच्या खुर्चीपुढे बोजाऱ्यासाठी हात पसरला.