पाहिलेल्या खोल्या

भूकंपाचा हलका धक्का बसून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिऊन गुरुमूर्ती तंजावूरातलं आपलंच घर तपासायला निघाले. ते निवृत्त अभियंते. भूकंपानंतर घर राहण्याजोगं आहे की नाही हे सांगणारी संगणकप्रणाली गावातल्या अभियांत्रिकी कॉलेजने केली होती. तिचे नियम त्यांच्याच अनुभवातून उतरले होते. ती टॅबवर प्रश्न विचारी, उत्तरांवरून निकाल देई आणि 'का?' दाबलं की निकालाचं कारणही सांगे.

मागच्या अंगणात, विहिरीपलीकडे एक बुटकी खोली होती. घरातल्या बायका महिन्याचे तीन दिवस तिथे बसत. सून विजयलक्ष्मी कालपासून तिथेच होती. त्या दिवसांत पुरुषाने तिकडे फिरकायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवावंही लागलं नव्हतं.

"मामंजी, कोपऱ्यांत भेग आहे," ती आतून म्हणाली. "माझा हात जातो आंत."

"गिलावा सुटला असेल," ते विहिरीपाशीच थांबून म्हणाले. "तुझं स्नान होऊं दे. मग पाहूं."

सगळ्या खोल्या आतून पाहिल्या? टॅबने विचारलं. त्यांनी 'होय'वर बोट टेकवलं. घर हिरवं, म्हणजे राहण्याजोगं ठरलं.

दुपारी पुन्हा धक्का बसला. घराचं एक कौलही हललं नाही. मागच्या खोलीची भिंत तेवढी आत कोसळली. विजयलक्ष्मीचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात जो तो यंत्राला दोष देत होता. कॉलेजातून फोन आला, तेही तेच म्हणाले. गुरुमूर्ती टॅब मांडीवर घेऊन बसले होते. तेरा वर्षांच्या नातीने, नित्याने, त्यांच्या मांडीवरचा टॅब घेतला आणि 'का?' दाबलं.

"सगळ्या खोल्या पाहिल्या, होय," तिने वाचलं. "तपासणारे, गुरुमूर्ती." मग टॅब परत देत तिने विचारलं, "ताता, आतां माझी पाळी आली की मी कुठे बसूं?"

त्यांनी उत्तर बदलून 'नाही' केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: सून बाहेरची होती म्हणून मी आत गेलो नाही. तिने भेग सांगितली होती. तो अहवाल त्यांनी कॉलेजातल्या सगळ्यांना पाठवला. खाली एक नियम सुचवला: एक जरी खोली पाहायची राहिली, तरी निकाल देऊ नये.

"घरांत," ते नित्याला म्हणाले. "आमच्यांत बसायचं."

मग ते वॉर्डात गेले, विजयलक्ष्मीच्या मानेखाली हात घातला आणि पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. त्या तीन दिवसांतला तो तिसरा दिवस होता. तिने डोळे उघडले, आणि सवयीने अंग चोरून घेतलं.