उघडं राहिलेलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. चोर पकडण्याच्या गोष्टींतलं दांडीचं भिंग तुम्ही चित्रात पाहिलं असेल, मी तसला नव्हे. मी पितळेचा, तीन घड्यांचा, मिटलो की काडेपेटीएवढा. उघडून कापडावर ठेवलं तर आपल्या पायांवर उभा राहतो. खाली एक इंचाची चौकट आणि वर काच. त्या एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, ते मोजायला मी मदत करायची. कारखान्यात मला ‘पीक ग्लास’ म्हणत. सारा जन्म मोजण्यात गेल्यामुळे माझा स्वभाव काळजीचा झाला आहे. एक धागा कमी भरला तरी मला पुन्हा मोजून घ्यावंसं वाटतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सोलापुरातल्या नवी पेठेतलं एक दुकान. तिथून एका चादरीच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी मला विकत घेतलं आणि नक्षी काढायच्या कामावर नव्यानेच लागलेल्या रावसाहेबांच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहू लागलो.

तुम्ही सोलापुरी चादर पांघरली असेल, पण तिच्यावरचा मोर आधी कागदावर जन्मतो हे ठाऊक आहे का? बारीक चौकटींचा ग्राफ कागद असतो. त्यातली कुठली चौकट रंगवायची आणि कुठली कोरी सोडायची हे ठरवत रावसाहेब मोर काढत. त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडत, पट्ट्या मागावर चढवत, आणि मग मोर कापडात उतरे. चौकटी चुकल्या तर मोराचा डोळा मानेवर यायचा. अडतीस वर्षं आम्ही दोघांनी मोर, कमळं आणि हत्ती काढले. एकदा मालक पाहुण्यांना म्हणाले, “ह्या माणसाच्या हातून एक चौकट चुकत नाही.” त्या दिवशी मी खिशात नुसता फुगून बसलो होतो.

पुढे नक्षीचं काम संगणकावर होऊ लागलं. रावसाहेब निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात जाऊन पडलो. तिथे रबरबँड, संपलेले सेल आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. अकरा वर्षं मी त्यांच्यात काढली. माझं पितळ काळवंडलं. खण उघडला की मला वाटे, झालं, आता आपण भंगारात! पण दर वेळी कुणीतरी कात्रीच शोधत असे.

मला बाहेर काढलं ते रावसाहेबांच्या पत्नीने, भीमाबाईंनी. घरामागे त्यांची बाग आहे. बाग म्हणजे तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, दोन खऱ्या कुंड्या आणि मधोमध एक कडुलिंब. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे ही झाडं तांदूळ धुतलेल्या पाण्यावर वाढलेली. एके दिवशी भीमाबाईंना मायाळूच्या वेलावर कीड आल्याचा संशय आला.

“आवो, तुमचं ते भिंग आना की. मावा हाय का बगा.”

रावसाहेब उकिडवे बसले. मला पानावर टेकवलं आणि डोळा लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“दिसला का मावा?”

“थांब की. शिरा बगतोय.”

“शिरांना काय झालं?”

“काय न्हाय झालं. लई बेस बसवल्यात.”

त्या दिवसापासून मावा राहिला बाजूला. आम्ही डब्याडब्यापुढे बसू लागलो. सीताफळाच्या अंगावरचे फुगीर खवले कसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसतात ते पाहिलं. गुलबक्षीच्या गुलाबी फुलांवर पिवळे शिंतोडे होते. शंभरेक फुलं पाहिली, पण एका फुलासारखे शिंतोडे दुसऱ्यावर नव्हते. आणि मग एका बादलीत सूर्यफूल उमललं. त्याच्या मधल्या भागात बियांच्या ओळी वळत वळत बाहेर येतात. रावसाहेबांनी सुरुवातीच्या ओळीला शाईचा ठिपका दिला आणि तीनदा मोजलं. एका बाजूला वळणाऱ्या ओळी चौतीस, दुसऱ्या बाजूला वळणाऱ्या पंचावन्न. तिन्ही वेळा तेच.

“हितं ना मिस्त्री, ना मालक,” ते नातीला म्हणाले, “तरी चूक न्हाय. बग की!”

नात म्हणजे दीक्षा. सातवीत होती, शाळा सुटली की बागेतच असे. तिला माझं भारी वेड. पण आजोबांनी तिला एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती: बघून झालं की भिंग मिटवायचं. उन्हात मी उघडा राहिलो तर काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. माझी काच ज्या उंचीवर आहे, तिथून गोळा झालेलं ऊन नेमकं माझ्या पायांशी उतरतं. हे मलाही ठाऊक होतं, आणि त्याची मला कायम धास्ती असे.

रावसाहेबांनी मनाशी एक ठरवलं होतं. अडतीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेले मोर काढले, आता एक चादर आपल्या बागेची काढायची. महेश्वर नावाच्या ओळखीच्या मागवाल्याने, ग्राफ पुरा करून द्या, एक चादर विणून देतो, असं कबूल केलं होतं. काठाला मायाळू, कोपऱ्यांत सीताफळं, आणि मध्यभागी ते सूर्यफूल. काठ पंधरा दिवसांत झाला. सूर्यफुलाने मात्र दोन महिने घेतले, कारण गोल फिरणाऱ्या ओळी चौकोनी घरांत बसवायच्या म्हणजे खायचं काम नव्हे. खोडायचे, पुन्हा काढायचे. वय चौऱ्याहत्तर, हाताला किंचित कंप. पण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते फूल कागदावर बसलं. थोडा रंग भरायचा तेवढा राहिला होता.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही कडुलिंबाच्या सावलीत होतो. तिवईवर फळी, फळीवर ग्राफ. बारा वाजत आले तेव्हा पुढल्या दारातून भीमाबाईंचा आवाज आला.

“पानी आलं! आवो, पानी आलं!”

पाणी परवा येणार होतं, ते आजच आलं. मित्रांनो, आमच्याकडे ही हाक आली की माणूस हातातला घाससुद्धा ताटात ठेवून उठतो. रावसाहेबांनी मला मिटवलं. अगदी नीट, तिन्ही घड्या घालून. पेन्सिलीच्या डब्याशेजारी ठेवलं आणि नळी आणायला गेले. दीक्षा दोन मिनिटं मागे राहिली. तिने मला उघडलं, कागदावरच्या सूर्यफुलावर उभं केलं आणि रंगवलेल्या ओळी बोटाने मोजायला लागली. चौदापर्यंत आली असेल, इतक्यात आतून पुन्हा हाक आली, “दीक्षे, नळी धर गं, पिंपात पडंना!” आणि ती धावली.

मी उघडाच राहिलो.

सकाळी झाडाची सावली पश्चिमेला लांब पडते, आणि दुपार होईल तशी बुंध्याशी गोळा होत जाते. मी ती सावली जाताना पाहिली. आधी तिवईचा एक पाय उन्हात आला. मग फळीची कड. मग कागदावरचा मायाळू. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा सापडत नाही. आतून पाणी पडल्याचा, बादल्या सरकवल्याचा आवाज येत होता. कुणीतरी या, कुणीतरी या, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हणालो! पण मला कुठे आवाज आहे? ऊन माझ्या काचेवर आलं. फुलाच्या मधोमध एक पांढराशुभ्र ठिपका पडला. तो तपकिरी झाला, काळा झाला, आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघाली. जे दोन महिने मी डोळ्यांत तेल घालून मोजलं होतं, तेच मी जाळत होतो.

झाडांना पाणी घालायला आलेल्या भीमाबाईंना धूर दिसला. त्यांनी ओला पदर कागदावर दाबला. विस्तव विझला, पण वाटीच्या तोंडाएवढं भोक पडलं होतं आणि सूर्यफूल त्यात गेलं होतं.

रावसाहेब आले. त्यांनी भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडेच जास्त वेळ पाहिलं.

“मी मिटवलं व्हतं,” ते हळू म्हणाले. “मिटवलं व्हतं की गं मी?”

“गडबडीत ऱ्हायलं आसंल,” भीमाबाई म्हणाल्या.

दीक्षा दारात उभी होती. बोल, पोरी, बोल, असं मी म्हणत राहिलो. ती बोलली नाही. तिला वाटलं असेल, आजोबा रागावतील. पण ते रागावलेच नाहीत, आणि तिथेच सगळं बिघडलं.

रावसाहेबांच्या मोठ्या भावाला म्हातारपणी विसरण्याचा आजार झाला होता. आपल्या गावच्या केम स्टेशनवर जन्मभर चढणारा-उतरणारा माणूस, पण एके दिवशी गाडीतून उतरला आणि त्याला आपलं घर सापडेना. रावसाहेबांनी ते जवळून पाहिलं होतं. आता त्यांना स्वतःच्या हाताने मिटवलेलं भिंग लख्ख आठवत होतं आणि समोर ते उघडं पडलं होतं. त्यांनी आठवणीवर विश्वास ठेवला नाही. डोळ्यांवर ठेवला.

त्यांनी ग्राफची गुंडाळी करून कपाटावर टाकली. मला खिशात ठेवलं, पण उघडलं एकदाही नाही. मग सुरू झालं ते तपासणं. गॅस बंद केला का, पुन्हा जाऊन बघायचं. कडी लावली का, पुन्हा बघायचं. सकाळची गोळी घेतली की पाकीट उजेडात धरून मोजायचं. भीमाबाईंनी मिठाचा डबा कुठे ठेवला विचारलं तर ते दचकायचे. चार शब्द बोलून मध्येच थांबायचे आणि आपण आधी हेच बोललो का, असं भीमाबाईंच्या तोंडाकडे पाहायचे. मला खिशातून त्यांची छाती ऐकू येते. पूर्वी ती इतकी धडधडत नसे. एका सकाळी त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या शेजारी ठेवून दिलं. नऊ दिवस असे गेले. खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच, एकाला तोंड नाही आणि दुसरी गप्प.

दहाव्या दिवशी भीमाबाईंनी दीक्षाला धुण्याचे खिसे तपासायला सांगितले. तिच्या हाताला आधी मी लागलो, मग तो चिटोरा. तिने तो उलगडला. आजोबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘माझं नाव रावसाहेब. मी कुठे सापडलो तर ह्या नंबरवर माझ्या मुलाला फोन करा. मी कुणाला त्रास देत नाही.’ खाली घराचा पूर्ण पत्ता होता.

दीक्षाने तो दोनदा वाचला. मग मला एका मुठीत आणि चिटोरा दुसऱ्या मुठीत घेऊन ती बागेत गेली. रावसाहेब कडुलिंबाखाली नुसते बसले होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि हुंदके देत म्हणाली, “आबा, मी उघडलं होतं. तुम्ही मिटवलं होतं. मी उघडलं आणि पळाले.”

त्यांनी मला तिच्या मुठीतून काढून घेतलं.

“मी मिटवलं व्हतं?”

“हो.”

“तिनी घड्या?”

“हो आबा, मी बघितलं. तुम्ही डब्याशेजारी ठेवलं होतं.”

“पेन्सिलीच्या डब्याशेजारी,” ते म्हणाले. “मंग बरोबर आटवत व्हतं मला.” आणि एकदम उठून घराकडे तोंड करून ओरडले, “आगं ए! मी मिटवलं व्हतं! मी इसरलो न्हवतो!”

भीमाबाई पिठाच्या हातानेच धावत आल्या. रावसाहेब हसत होते आणि डोळे पुसत होते. मग ते खाली बसले, आणि त्यांचं हसू गेलं.

“कागद जळाला तर जळू दे,” ते दीक्षाला म्हणाले. “पन नऊ दिस, बाळ. नऊ दिस मी सोताला चोरासारकं तपासत व्हतो.”

दीक्षाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी हात लगेच नाही ठेवला तिच्या डोक्यावर, थोड्या वेळाने ठेवला.

बादलीतलं सूर्यफूल तोवर वाळलं होतं. भीमाबाईंनी पेरणीसाठी त्याच्या बिया काढून घेतल्या होत्या. पण बिया गेल्या तरी त्यांच्या बारीक खोबणी तशाच वळत वळत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दीक्षा मला त्यांवर टेकवून मोठ्याने मोजू लागली आणि रावसाहेब नव्या कागदावर चौकटी भरू लागले. चादर अजून व्हायची आहे. सूर्यफूल पुन्हा दोन महिने घेणार, आणि मला पुन्हा काळजी आहेच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं भिंग असेल तर ते घेऊन झाडांपाशी जरूर बसा. एका पानावर दिवस पुरणार नाही इतकं काम असतं. बघून झालं की मिटवा. आणि एवढं करूनही हातून काही जळालं, मोडलं, तर रागाला भिऊन गप्प बसू नका, त्याच दिवशी सांगा. जळालेला कागद पुन्हा काढता येतो. पण तुम्ही गप्प बसता तेवढे दिवस एखादा म्हातारा माणूस आपल्याच घरात, खिशात आपला पत्ता घेऊन हिंडत असतो.