पाय शेकत जाजो

भीमराजच्या पायांची बोटं गेली लडाखच्या पहाडात आणि त्यांची चौकशी चालली कळंबजवळच्या त्याच्या गावात, तीही भर वैशाखात. चीनची लढाई थांबली होती, दवाखान्यानं त्याला मोकळं केलं होतं आणि पलटणीनं कायमचं घरी पाठवलं होतं. त्या दिवसांत गावाबाहेर ऊन असं पेटलेलं की विहिरीच्या लोखंडी बादलीला हात लावायची सोय नव्हती. निंबाखाली उघड्या अंगानं बसून घाम पुसणाऱ्या माणसांना थंडी समजावून सांगायची म्हणजे कठीणच काम. भीमराजनं लवकरच हात टेकले.

"यवतमाळच्या बाजारात गोळा खाल्ला का दात ठणकतेत," म्हातारा डोमाजी म्हणाला. "तेवढी असन का रे थंडी?"

"त्याहून जास्त, काका."

"त्याहून जास्त कशी असन? बर्फाहून थंड काय असते?"

दवाखान्यातून निघताना भीमराज लोकरीचा कोट, स्वेटर, सगळं अंगात घालून गाडीत बसला होता. दिल्लीला कोट उतरला, झाशीला स्वेटर आणि नागपूर यायच्या आत तो बनियनवर आला. देश एकच, गाडीही नावालाच बदललेली, पण एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत त्याचं सगळं शहाणपण खोटं ठरावं एवढा हा मुलूख लांब. हे कळायला त्याला आपली बोटं द्यावी लागली होती. डोमाजीला ते फुकटात कसं कळावं?

त्याच्या आईला, इंदूबाईला, तर ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. छप्पन साली ती दीक्षेला नागपूरला गेली, तोच तिचा सगळ्यात लांबचा प्रवास. तिथली हवा इथल्यासारखीच, म्हणून पुढचा मुलूखही असाच असणार, हे तिनं मनाशी धरून ठेवलेलं. तिची थंडी म्हणजे पौषातली जागल. भीमराजचा बाप लोकांच्या शेतात रात्रभर डुकरं हाकलायचा आणि उजाडता उजाडता लाकडासारखे पाय घेऊन घरी यायचा. इंदूबाई फुटक्या घमेल्यात निखारे तयार ठेवायची, त्याचे पाय वर धरून शेकायची. न्याहारी होईपर्यंत माणूस चालायला लागायचा. हा उपाय तिचा स्वतःचा होता आणि तो कधी फसला नव्हता.

म्हणून बासष्ट साली सुट्टी संपवून भीमराज निघाला, तेव्हा एस.टी.च्या फाट्यावर तिनं त्याला एवढंच सांगितलं होतं, "पाय गार पडू देऊ नको. पेटता इस्तो दिसला का पाय शेकत जाजो."

त्यानं ऐकलं. हीच तर सगळी गोष्ट होती.

त्या पहाडात एका पहाटे त्याचे पाय पांढरे पडले, चिमटा काढला तरी कळेना. सुभेदारानं मागे कधीतरी सांगितलं होतं की बधिर पाय आगीजवळ न्यायचे नाहीत. पण गारठ्यानं डोकं चालेनासं झालेल्या माणसाला सुभेदार आठवत नाही, आई आठवते. त्यानं चुलीतले निखारे पुढे ओढले आणि पाय वर धरले. चटका बसला नाही. त्याला बरं वाटलं, म्हटलं गुण येतोय. काय होतंय ते त्याला वासावरून कळलं.

डॉक्टर पंजाबी होता. पट्टी बदलताना म्हणाला, "ठंड तो दो उंगलियाँ लेती, बाकी तूने भून डालीं. किसी साथी के पेट से लगा देता तो बच जातीं."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशानं गेली रे?" तो म्हणाला, "बर्फानं." आणि मरेपर्यंत हेच सांगायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. आईनं त्या बर्फाला पोटभर शिव्या दिल्या, आणि मग पुढचा अर्धा भाग स्वतःच्या मनानं जुळवला. दारात येईल त्याला ती सांगू लागली, "म्या सांगतलं होतं पाय शेकत जाजो म्हणून. यानं आयकलं नाही. शेकले असते तर आज चालला असता धड."

भीमराज ते ऐकत बुटात चिंध्या कोंबत राहायचा. पुढचा हिवाळा आला तशी ती रोज संध्याकाळी घमेलं घेऊन त्याच्यापुढे बसू लागली. त्याचे उरलेसुरले पाय ती शेकायची, आणि तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. निखाऱ्यांचा वास आला की त्याला पहाडातला तो वास आठवायचा. तरी त्यानं पाय कधी मागे घेतले नाहीत. तिच्याजवळ आता दुसरं होतं तरी काय?

त्याच हिवाळ्यात शेजारच्या मथुराबाईचा मुलगा उकंडा फौजेचं शिक्षण संपवून घरी आला. चार दिवस राहिला आणि निघाला. त्याची पलटण तिकडेच, त्याच पहाडात जाणार होती. सकाळच्या गाडीला सगळे फाट्यावर पोचवायला आले. भीमराजनं मनात योजून ठेवलं होतं की वाटेत पोराला बाजूला घेऊन दोन शब्द सांगायचे. पण बुटात चिंध्या कोंबून चालणारा माणूस तो, सगळ्यांच्या मागे पडला. फाट्यावर पोचला तेव्हा गाडी लांबच्या वळणावर दिसत होती आणि इंदूबाईनं उकंडाचा हात धरला होता.

"मायं आयक, बापू," ती सांगत होती. "थंडीनं पाय लाकूड झाले का सरळ इस्त्यावर धरजो. भीमराजसारखं करू नको."

"हाव मावशी. नाही इसरत," उकंडा म्हणाला. तो विसरणार नव्हता, हेच वाईट होतं.

भीमराजला वाटलं, गाडीत चढता चढता सांगावं. खिडकीतून सांगावं. पण गाडी आली होती, आई हात सोडत नव्हती, आणि मथुराबाई रडत होती.

"उकंडा, पाय शेकू नको," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"बधिर झाले का इस्त्यापाशी नेऊ नको. कोनाच्या तरी पोटाशी धर. मले बर्फानं नाही खाल्लं. म्या शेकले होते."

कंडक्टरनं घंटी मारली. उकंडा एकदा त्याच्याकडे, एकदा मावशीकडे बघत वर चढला. गाडी गेली. मथुराबाई डोळे पुसत पुढे निघाली. भीमराज आणि इंदूबाई मागे राहिले.

बरंच चालल्यावर ती म्हणाली, "म्या सांगतलं म्हणून?"

नाही म्हणणं तोंडाशी आलं होतं. पण नाही म्हटलं तर उद्या ती मथुराबाईला पुन्हा तेच सांगेल, आणि मथुराबाई पत्रातून पोराला.

"हाव, माय."

घरी येऊन तिनं भाकरी थापल्या, पाणी आणलं, आणि संध्याकाळी चुलीतले निखारे घमेल्यात न काढता त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग ती नेहमीच्या जागी त्याच्यापुढे येऊन बसली. त्याचे पाय तिनं ओढून घेतले, लुगड्याखाली पोटाशी धरले आणि त्यांच्यावर वाकून बसली.

पाय गरम व्हायला लागले. आता त्याचा काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. भीमराजनं या वेळी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.