समोर बांधलेली मेंढी

राघूच्या चौदा मेंढरांची कातरणी म्हणजे निरगुडसरात चेष्टेचा विषय होता. आजोबांच्या काळात तीनशे मेंढरं होती, कातरायला पाहुणेरावळे सावडीनं यायचे, म्हणजे आज तुम्ही आमच्याकडं, उद्या आम्ही तुमच्याकडं. दोन दिवस नुसतं हसणं-खिदळणं चालायचं. आता राघू उसाचा आणि कांद्याचा शेतकरी. चौदा मेंढरं ठेवली होती ती आईच्या मायेपोटी. बायडाबाईला जाऊन तीन वर्षं झाली तरी तिची जनावरं विकायला त्याचा हात धजत नव्हता. "चौदाची कसली कातरणी राव, न्हाव्याकडं घेऊन जा की," असं लोक म्हणायचे आणि राघू हसून सोडून द्यायचा.

यंदाची कातरणी मात्र नुसतं निमित्त होतं. महाळुंगे पडवळला दिलेली थोरली बहीण सुंदरा आपल्या सोळा वर्षांच्या स्वराजला मदतीला म्हणून घेऊन आली होती, आणि दुपारी चार वाजता माळावरच्या व्यसनमुक्ती केंद्राची जीप येणार होती. स्वराजला सांगितलं होतं, मामाच्या ओळखीचे सर येणार आहेत, तुला एक कॉलेज दाखवायला नेतील. पोरगं आत बसलं की जीपचं दार बाहेरून बंद होणार होतं, आणि मग सहा महिने घराचं तोंड दिसणार नव्हतं. राघूला हे पक्कं ठाऊक होतं, कारण नऊ वर्षांपूर्वी त्यालाही असंच नेलं होतं. त्याला जत्रेचं आमिष दाखवलं होतं, एवढाच फरक.

सुंदराचं तरी काय चुकत होतं? पोरगं वर्षभर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवत होतं, वर गोळ्या. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पोरानं आधी खोटं बोलायला सुरुवात केली, मग विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून भंगारात घातली, आणि गेल्या महिन्यात कालव्याच्या कडेला असा पडलेला सापडला की सुंदरानं आधी त्याच्या छातीला कान लावला आणि मग हंबरडा फोडला. ज्या आईनं असा कान लावलाय तिला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये.

तिनं भावाला विचारलं होतं, तू तिथं बरा झालास ना? राघू म्हणाला होता, झालो. केंद्रातून बाहेर पडलेल्या पोरांचा मोबाइलवर एक ग्रुप होता आणि दोन महिने त्यावर नुसती जुंपली होती. कुणीतरी पेपरात तक्रार दिली होती, की तिथं पोरांना कोंडतात, टक्कल करतात, पंधरा-पंधरा दिवस कुणाशी बोलू देत नाहीत, खुर्चीवर बसवून बाकीच्या चाळीस पोरांना शिव्या घालायला लावतात. अर्धे म्हणत होते, केंद्र बंद करा. अर्धे म्हणत होते, केंद्र नसतं तर आमचे फोटो हार घालून भिंतीला लागले असते. राघू या दुसऱ्या अर्ध्यातला. त्यानं लिहिलं होतं, 'आईनं एकदा जन्म दिला, केंद्रानं दुसऱ्यांदा.' त्याखाली ढीगभर अंगठे आले होते. पण सुंदरा बाई काही कमी नव्हती. भावाचा फोन चाळताना तिच्या ध्यानात आलं, की शाहनवाज नावाचा कुणी जुन्नरचा माणूस सगळं वाचतो आणि कधी अक्षरही लिहीत नाही. तिनं गुपचूप त्याचा नंबर उतरवून घेतला.

तो अडीच वाजता मोटरसायकलवरून आला आणि राघूच्या हातातली कातर जागच्या जागी थांबली.

शाहनवाजचं जुन्नरात धार लावायचं दुकान होतं. राघूच्या कातरींना दर साली त्याच्याच हातची धार लागायची, पण कातरी एसटीनं जायच्या आणि एसटीनंच परत यायच्या. नऊ वर्षांत दोघं समोरासमोर बसले नव्हते. केंद्रात असताना मात्र एकाच सतरंजीवर झोपले होते.

"ताईंनी बोलावलं," शाहनवाज म्हणाला. "म्हनल्या, या आन खरं काय ते सांगून जा."

"आक्का, ह्ये काय?"

"वरडू नगं," सुंदरा म्हणाली. "तू एक सांगतूस, फोनवर मी दुसरंच वाचते. मला दोघांचं समोरासमोर ऐकायचंय. पोरगं माझं हाय."

स्वराज पलीकडं जाळीच्या कुंपणात मेंढरं धरून ठेवायच्या कामावर होता. कानांवर हेडफोन, मान खाली. सुंदरानं एकदा तिकडं पाहिलं आणि पदर सावरून ती ताडपत्रीच्या कडेला बसली.

राघूनं पुढची मेंढी आडवी पाडली, पाय बांधले. हात कामात असले की त्याला बोलणं जमायचं. "माझ्या गोळ्या सुटल्या त्या तिथंच. नऊ वर्सात एकबी न्हाई. कोंडलं नसतं तर सोडल्या असत्या का मी? घरात आई पाया पडायची आन मी तिला वलांडून जायचो."

"सहा महिने गोळी पोटात गेली न्हाई म्हणून जीव वाचला. ते मीबी मानतो," शाहनवाज म्हणाला. "खोटं कशाला सांगू, ताई? पन भायेर आलो आन चवथ्या महिन्यात परत चालू. झोपच लागायची न्हाई. डोळं मिटलं की चाळीस पोरं वरडायची."

"खुर्चीवर समद्यांनाच बसाय लागायचं."

"तू किती येळा बसलास?"

"दोनदा."

"मी अकरा."

सुंदरानं विचारलं, "मग तुमचं सुटलं कसं, भाऊ?"

"अम्मीमुळं. आन मंचरच्या एका डॉक्टरीणबाईंमुळं. पयले दहा दिवस दवाखान्यात ठेवलं, मग दर गुरुवारी जायचं, औषध घ्यायचं, बोलायचं. दीड वरीस लागलं. मधी दोनदा घसरलो. दोन्ही येळेला अम्मी दारात हुबी. म्हनायची, आलास ना? मग हात धू, जेवाय बस."

"दीड वरीस!" राघूनं कातर खाली ठेवली. "आन त्या दीड वर्सात पोरगं कालव्यात गेलं तर? डॉक्टरीणबाई काय कालव्यावर राखण बसणार हायती?"

प्रश्न खरा आहे हे शाहनवाजनं मान डोलावून कबूल केलं. सुंदराचे डोळे भरून आले. "आगीत ठेवता येत न्हाई आन फुफाट्यात टाकवत न्हाई," ती म्हणाली, "मग ठेवू कुठं रं त्याला मी?"

राघूनं परत कातर उचलली. लोकर ताडपत्रीवर पडू लागली. शाहनवाजला मेंढरांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण धारेवर त्याची नजर होती, आणि धारेवरून ती समोर गेली. आडव्या पाडलेल्या मेंढीच्या तोंडापुढं हातभर अंतरावर दुसरी एक मेंढी खुंटीला बांधली होती. तिची लोकर आधीच उतरली होती. उघडीवाघडी, पण निवांत रवंथ करत उभी होती.

"हिचं तर झालंय. मग बांधली का?"

"आईचा नेम व्हता," राघू म्हणाला. "एकटं मेंढरू आडवं पाडलं का भ्यानं काळीज फुटून मरतं. म्हणून ज्याचं कातरून झालंय त्याला म्होरं बांधायचं. त्याला बघितलं का खालचं गप ऱ्हातं. ह्याचं झालं आन ह्ये हुबं हाय, मंजी आपलंबी व्हईल."

"आन सगळ्यात पयल्या मेंढीला?"

"पयली म्हातारी घ्यायची. तिला कुणी लागत न्हाई. तिनं लई उन्हाळं बघितल्यात."

शाहनवाजनं त्या मेंढीच्या कातरलेल्या पाठीवर हात ठेवला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "मला खुर्चीवर बसवलं तवा म्होरं कोन हुबं व्हतं, आठवतं?"

राघूची कातर चुकली. मेंढीच्या कातडीला चरा गेला आणि पांढऱ्यावर लाल उमटलं. सुंदरानं झटकन हळदीची चिमूट दाबली.

"मी व्हतो," राघू म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. राघूनं आपली मूठ नऊ वर्षं अशी आवळली होती, की आता उघडायची म्हटलं तरी बोटं सरळ होत नव्हती. तो शाहनवाजकडं न बघता बहिणीशी बोलू लागला.

"आक्का, ह्याचे अब्बा, निजामचाचा, दवाखान्यात व्हते. ह्याला इंजेक्शन आणाय धाडलं आन हा वाटंत गोळ्या घ्यायला थांबला. माघारी आला तवर चाचा गेलं व्हतं. ह्यानं ते मला सांगितलं. एकट्याला, भांडी घासताना. आन मी जाऊन केंद्राच्या सरांना सांगितलं. मंग सरांनी ह्याला खुर्चीत बसवलं आन मलाच म्होरं केलं. मी वरडलो, बाप मारला ह्यानं. माझ्यामागनं चाळीस पोरं तेच वरडली."

"अरं देवा. कशापायी रं?"

"फोनपायी. दुसऱ्याचं काय सांगितलं तर घरी फोन लावू द्यायचे. पाच मिन्टं. मला आईशी बोलायचं व्हतं, आक्का. आईनं इतकंच इचारलं, जेवलास का? आन मला रडूच आवरंना. एक शबुद बोललो न्हाई. पाच मिन्टं सपली."

सुंदरानं तोंडाला पदर लावला. आईनं तो फोन मरेपर्यंत सांगितला होता, पोराचा फोन आला होता म्हणून. पोर बोललं काहीच नव्हतं हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग केंद्र वाईट म्हणू तरी कसं?" राघू म्हणाला. "ते चांगलं असलं तरच मी केलं त्याला काय तरी अर्थ हाय. वाईट असलं तर मी फुकाच..."

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं," शाहनवाज म्हणाला. "तुझ्याबिगर कुनाला सांगितलंच नव्हतं मी."

"मंग माझ्या कातरींना धार का लावायचास?"

शाहनवाज हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "दर साली पिशवी उघडायचो. वाटायचं, औंदा कातरीसंगं एखादी चिठ्ठी असंल. रद्दीत गुंडाळून धाडायचास ना? ती रद्दीबी दोन्ही अंगांनी बघायचो, राव."

राघूनं कातरणं उरकून आडव्या मेंढीचे पाय सोडले, आणि लोकरीनं माखलेले हात तसेच जोडले. "चुकलं रं माझं. लई चुकलं."

"सोळा वर्सांचा व्हतास. मीबी तेवढाच. अम्मीच्या एका फोनसाठी मी काय काय सांगितलं असतं, अल्ला जाने." शाहनवाजनं ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले, लोकरीसकट, आणि बराच वेळ सोडले नाहीत. सुंदरा दोघांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसा आईनं फिरवला असता.

चार वाजता रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

राघू उठला. सुंदराकडं त्यानं एकदाच बघितलं. तिनं 'नको' म्हणून मान हलवली, पण हलवताना तिचा चेहरा पांढरा पडला होता. जीपमध्ये पुढं सरच बसले होते, केस पिकलेले, आवाज तोच.

"पोरगं न्हाई येणार, सर."

"राघू, वेडेपणा करू नकोस. तू तर आमचा सगळ्यात चांगला मुलगा."

"म्हणूनच सांगतोय," राघू म्हणाला आणि जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा राहिला. आपण बरोबर केलं की चूक, हे त्याला कळत नव्हतं.

परत आला तर स्वराज कुंपणातून बाहेर येऊन ताडपत्रीजवळ उभा होता. राघूनं सगळं सांगायला तोंड उघडलं. "स्वराज, ती कॉलेजची गाडी न्हवती."

"ठावं हाय," स्वराज म्हणाला. "हेडफोनचं चार्जिंग सकाळीच सपलंय."

पोरानं अडीच वाजल्यापासूनचा शब्द न् शब्द ऐकला होता. तो आईवर ओरडेल, बांध ओलांडून पळेल, असं सुंदराला वाटलं आणि ती अर्धी उठलीसुद्धा. पण तो गेला नाही. शेवटची मेंढी कातरायची राहिली होती; तिला तो कुंपणातून घेऊन आला, आणि कुणी न सांगता एक कातरलेली मेंढी तिच्या पुढ्यात बांधली. दाव्याची गाठ तीनदा सुटली तरी कुणी पुढं होऊन मारली नाही.

"आता काय करनार माझं?" गाठ बसल्यावर त्यानं विचारलं.

"उद्या मंचरला जायचं, डॉक्टरीणबाईंकडं," राघू म्हणाला. "तुझी आई, मी आन ह्यो शाहनवाज."

"लई तरास व्हतो का, मामा?"

"व्हतो. लई व्हतो. पन मी म्होरं बसंन. ह्योबी बसंल."

स्वराजनं मान वर केली. गेलं वर्षभर त्यानं कुणाच्या डोळ्यांत असं सरळ बघितलं नव्हतं.

"वरडनार न्हाई ना?"

राघूनं त्याच्या खांद्यावरची लोकर झटकली.

"न्हाई रं," तो म्हणाला. "नुसतं इचारीन, जेवलास का?"

स्वराजनं शेवटच्या मेंढीचे पाय धरले आणि मामानं कातर उचलली.