शालन पुसट का आली

पंचाहत्तर साली सोलापुरात धोंडीराम महाराजांच्या दारी माणसं घरातले फोटो घेऊन रांग लावायची. महाराज फोटोवरून बोट फिरवायचे आणि पुसट चेहऱ्याशी थांबायचे. "छाया विरली, काया सरली." म्हणजे तो माणूस वर्षात जाणार, आणि जो त्याला शिवेल त्यालाही नेणार. हे शास्त्र कुठं शिकलात, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

रंभाबाईंनी धाकट्या मुलाच्या लग्नात माजघरातल्या कमी उजेडात काढलेला फोटो नेला. थोरली सून शालन विधवा, म्हणून सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. बोट तिच्यावर थांबलं. त्याच दिवशी सासूनं शालनची दीड वर्षाची पोर काढून आपल्या खोलीत नेली. नवरा गेल्यापासून शालनला ना भूक कळत होती, ना ऊन. महाराज म्हणतात तसं आपण अर्ध्या गेलोच असू, असं तिला वाटलं. भिंतीपलीकडं पोर रडायची आणि ही भाकरी थापत राहायची.

लग्नातला तो फोटो गावातल्या फोटोवाल्या ईश्वरप्पानं काढला होता. त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो भडकला. सासू-सुनेला घेऊन, कॅमेरा गळ्यात अडकवून तो महाराजांकडं गेला. भक्तांच्या मागं उभं राहून आशीर्वाद देताना तुमचा फोटो काढू, असं म्हणाला. महाराजांना फोटोची हौस दांडगी. शालनला पुढं खुर्चीत बसवलं, महाराज मागं भिंतीशी हात वर करून उभे राहिले. एक फोटो खोलीत काढला, तसाच दुसरा अंगणात उन्हात.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पानं सासू-सुनेला पुन्हा सोबत नेलं आणि दोन्ही फोटो रांगेपुढं धरले. खोलीतल्या फोटोत शालनची पापणी न्‌ पापणी दिसत होती आणि महाराज म्हणजे नुसता पांढरा डाग. रांगेतला पहिला माणूस महाराजांपासून दोन पावलं मागं सरला.

"भिऊ नका, महाराज मरत न्हाईत," ईश्वरप्पा म्हणाला. "खोलीत उजेड कमी, म्हणून भिंगाचं छिद्र मोठं उघडलं. मग नेम धरलेलं तेवढंच स्वच्छ येतं, मागचं विरतं. जवळनं काढला तर आणखीच. उन्हात छिद्र बारीक केलं, जरा लांबनं काढला, तर हे बघा, दोघंबी स्वच्छ."

"मग लग्नात हीच का पुसट आली?" रंभाबाईंनी विचारलं.

"तुमी तिला मागं उभं केलं म्हणून."

रंभाबाईंनी मान खाली घातली. घरी आल्यावर त्यांनी पोर आणून शालनच्या मांडीवर ठेवली. पोरीच्या अंगाची ऊब शालनला कळली. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी कळलं होतं.

कुणी फोटोत पुसट दिसलं तर त्याचं मरण शोधत बसू नका. त्याला कुठं उभं केलं होतं, ते आधी विचारा.