दुपारी न सापडणारा वास

मेलेल्या कोंबडीचा वास आधी गोडसर येतो. मग तो घशात उतरतो आणि चहाच्या घोटालाही चिकटतो. यंदा हिवाळाभर आमच्या गावाने पहाटेचा चहा तसाच प्यायला.

नवापूरच्या बाजूला पोल्ट्र्या पुष्कळ. बहुतेक जण मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरतात. आमच्या गावचा ईश्वर मात्र ते शेडमागच्या टेकडीवर उघड्या खड्ड्यात फेकायचा. खड्ड्याखाली उतार, उताराच्या तळाशी नाला आणि नाल्याकाठी फुलीबाईचं घर.

फुलीबाई विसरवाडीच्या बाजारात सुकट-बोंबील विकते. मालाला ओल धरू नये म्हणून दुपारी अंगणात ताडपत्रीवर पसरते. गावाने वासाची तक्रार केली तेव्हा ईश्वरने सरळ तिच्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं. सरपंच धनसिंग पंचांना घेऊन पाहणीला आले, तेही जेवणं उरकून, भर उन्हात. टेकडीकडून काहीच वास आला नाही. अंगणात बोंबील मात्र होतेच. पंचांनी नाकाला रुमाल लावले आणि फुलीबाईने गावात मासळी ठेवू नये असं ठरवून टाकलं. आता ग्रामसभेत तसा ठराव झाला की तिचा धंदा संपणार होता. त्याच पंचांच्या घरी रात्री बोंबलाचं कालवण शिजतं. मला खड्ड्यापेक्षा त्या रुमालांची जास्त किळस आली.

फुलीबाईची नात रिना माझ्याकडे येणाऱ्या मुलांमधली. शाळेतून निवृत्त झालो तरी संध्याकाळी मुलं जमतात, आणि आम्ही ऊन, वारा, पाऊस असं जे हाती लागेल ते मोजतो. पाहणीच्या दिवशी तिने विचारलं, "गुरुजी, वास दुपारी जातो कुठे?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण आयतं दिलेलं उत्तर मुलं विसरतात. मी दोन थर्मामीटर काढले. एक फुलीबाईच्या अंगणात गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला, दुसरा तिच्या घराशेजारच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, अगदी वर. पहाटे कुठे जास्त थंड असेल, असं विचारल्यावर सगळी पोरं म्हणाली, वर. तोरणमाळ उंच, म्हणून थंड. हे त्यांना पाठ होतं.

पहाटे पाहिलं तर खालचा थर्मामीटर जास्त गार निघाला. रिनाला वाटलं तो बिघडला. तिने दोन्हींची अदलाबदल केली. तरी खालचाच गार.

मग मी समजावलं. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली ऊब सोडत राहते. जमिनीला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून सखल जागी येऊन साचते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. वारा नसला तर ढवळणार कोण? वाटेत जो धूर, जो वास मिळेल तो त्या साचलेल्या हवेत अडकतो. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर उठते आणि झाकण मोडतं.

"म्हणजे पंच झाकण मोडल्यावर आले," रिना म्हणाली.

मी सरपंचांकडे गेलो. उद्या ऊन पडायच्या आत पुन्हा पाहणीला या, एवढंच मागितलं. ते माझेच विद्यार्थी. हसून म्हणाले, "गुरुजी, आता नाकाचीही परीक्षा घेणार का?" पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माकडटोप्या घालून सरपंच, पंच आणि ईश्वर, सगळे आले. पान हलत नव्हतं. खड्ड्यात ओली पिसं कातड्याला चिकटली होती, फुगलेल्या पोटांवर अळ्या वळवळत होत्या, आणि एक कुत्रं कोंबडीचा पाय ओढून काढत होतं. कडेला आम्ही गोवरी धुमसत ठेवली. धूर हातभर वर चढला, थांबला, आडवा झाला आणि उतार धरून सरपटत निघाला. त्याच्या मागोमाग आम्ही खाली उतरलो. धूर थेट फुलीबाईच्या अंगणात शिरला. त्याच्यासोबत तो गोड, कुजका वासही. ताडपत्री तर घडी करून ठेवलेली होती. सरपंच नाल्याकडे तोंड करून ओकले.

तोंड पुसून त्यांनी फुलीबाईचा ठराव येणार नाही असं सांगितलं. ईश्वर लगेच म्हणाला, "खड्डा टेकडीच्या पलीकडे नेतो. मग तर झालं?"

पलीकडच्या उताराखाली वाहरूचा पाडा आहे. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी पंचांच्या माना हलल्या. तिकडून तक्रार नाही, असं एक जण म्हणालासुद्धा. ओकारी मला तेव्हा आली.

फुलीबाई वाटेत मधोमध बसली आणि बाजारात बोलते त्या अहिराणीत म्हणाली, "तठे बी माणसंच ऱ्हातस. आठेच पूर. चुना येवापर्यंत कोणी घर जावानं नही."

पक्षी आहेत त्याच खड्ड्यात पुरायचे आणि चुना येईपर्यंत कोणी घरी जायचं नाही; तिला ओलांडून जाण्याची कोणाची छाती झाली नाही. ईश्वरने चुन्यासाठी नवापूरला फोन लावला. तोवर सगळे त्या वासात उभे राहिले, एकमेकांकडे न बघता, तोंडाने श्वास घेत.

ऊन अंगणात आलं तसा वास विरळ झाला. सरपंच खुलले. "गेला की. उगाच चुना मागवला."

"गेला नाही, काका. वर चढला. संध्याकाळी परत येईल," रिना म्हणाली.

मी तिला थोडं दुरुस्त केलं. वर गेलेला वास विरून जातो. खड्ड्यातून निघणारा नवा वास संध्याकाळपासून साचतो. तिने मान हलवली आणि सरपंचांना ते पुन्हा नीट सांगितलं.

चुन्याचा टेम्पो खड्ड्यापाशी आला, तसे आम्ही सगळे टेकडीवर गेलो. कोंबड्यांना हात लावायला मजूर तयार होईनात. शेवटी ईश्वरच रुमाल बांधून खड्ड्यात उतरला. पहिल्याच पोत्याला त्याचा पाय घसरला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. फुलीबाईने पाहिलं, पदर नाकावर घेतला आणि टेकडी उतरून घरातून ताडपत्री बाहेर आणली.