थर्मासचा चहा

लंडनच्या अपील कोर्टात तीन न्यायमूर्ती चहाचा कीस पाडत होते आणि मागच्या बाकावर राल्फ हाइंडमार्श कान देऊन ऐकत होता. एडना थर्लवेल या शेजारणीला छळल्याबद्दल तो दोषी ठरला होता. तिच्या वाफ्याच्या शंभर यार्डांत फिरकायलाही त्याला बंदी होती. त्याचा स्वतःचा वाफा तिच्यापासून वीस पावलांवर. लीकच्या, म्हणजे मनगटाएवढ्या कांद्याच्या पातीच्या, स्पर्धेला तीन आठवडे उरलेले.

कायद्याने छळ ठरायला तसं वागणं किमान दोनदा व्हावं लागतं. राल्फ एका सकाळी कुंपणावरून एडनाच्या लीककडे टक लावून बघत बसला, मध्ये चहा प्याला, पुन्हा बघत बसला. खालच्या कोर्टात ज्युरीने, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या बारा नागरिकांनी, चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, "हे एकदा की दोनदा?" तिथल्या न्यायाधीशांनी उत्तर दिलं होतं, "साधी अक्कल वापरा."

"चहा प्यायला ते घरी गेले होते का?" मधल्या न्यायमूर्तींनी विचारलं.

"नाही. थर्मास होता," राल्फची वकील इमोजेन प्रॉक्टर म्हणाली.

राल्फ पुढे वाकून कुजबुजला, "पोरी, सांग त्यांना. चहा पितानाही माझी नजर हलली नव्हती!"

"हाइंडमार्शसाहेब, तोंड उघडलंत तर मीच तुम्हाला दोषी ठरवीन."

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. एकदा कुठे संपतं आणि दुसऱ्यांदा कुठे सुरू होतं, हे ज्युरीला समजावणं न्यायाधीशांचं काम होतं. ते त्यांनी ज्युरीच्याच गळ्यात टाकलं. सूचना चुकीची, म्हणून ज्युरीचा निकाल भरवशाचा नाही. शिक्षा रद्द, बंदीही रद्द.

बाहेर इमोजेनने बजावलं, "तुम्ही बघितलंच नाहीत, असं कोर्ट म्हणालेलं नाही. एकदा झालंय. आता मान वळवू नका."

शनिवारी राल्फने एडनाच्या कुंपणाकडे पाठ करून खुर्ची मांडली. आपल्या लीकवर हात फिरवला. तासभर मान वळवली नाही.

मागे थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग एडनाचा, अगदी कुंपणाजवळून.

"काय रे राल्फ, खत कुठलं घालतोस?"

राल्फने खिशातून वही काढली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं: दहा वाजून पाच. एक.

"एडना," तो मान न वळवता म्हणाला, "तो चहा घरी जाऊन पी, आणि मग परत ये."